कोरडा वस्तरा
(संत सेना महाराज पुण्यतिथीनिमित्त मुडबी येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचं मुद्रित रूप)

नाभिक समाजातले ज्येष्ठ, मुडबीकर बंधू-भगिनींनो आणि मागच्या सतरंजीवर बसलेल्या शाळेच्या मुलींनो,

श्रावण वद्य द्वादशीला कीर्तन ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. यंदा कीर्तनाच्या आधीची वेळ आपण एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईला दिलीत, याबद्दल आभार. विषय कळवला तेव्हा पलीकडून फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. पायांवरचे केस काढताना होणारे काप, जळजळ आणि पुरळ, हे टाळायचं कसं आणि झालंच तर काय करायचं, एवढाच विषय आहे. पुण्यतिथीला हे कशाला, असं ज्यांना वाटलं त्यांना सांगते, की वस्तऱ्याबद्दल बोलायला याच्याइतका योग्य दिवस वर्षात दुसरा नाही.

सेना महाराज कुठले, यावर दोन परंपरा आहेत. एक त्यांना बांधवगडचे मानते, दुसरी त्यांचं नातं थेट आपल्या बिदरच्या राजाशी जोडते. कोणती खरी, हा वाद मी इथे सोडवणार नाही. त्यांचं एक पद गुरू ग्रंथ साहिबात आहे आणि त्यांचे मराठी अभंग वारकरी आजही म्हणतात, एवढं आपल्याला पुरे. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: सेना भजनात रमले, राजाकडून बोलावणं आलं, आणि पांडुरंग स्वतः धोकटी काखेत मारून हजामतीला गेला. राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसलं. मला या कथेत नेहमी एक वेगळीच गोष्ट दिसते. देवानं पहिल्यांदाच वस्तरा धरला, तोही राजाच्या गळ्याशी, आणि कुठे कापल्याचा उल्लेख नाही! कथा रचणाऱ्याला हे कसब किती मोलाचं वाटत असेल पाहा. इकडे कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवेश्वरांना विडा देण्याची सेवा करणारे हडपद अप्पण्णा अनुभव मंडपात बसत, वचनं रचत. त्यांच्या पत्नी लिंगम्मांचीही वचनं आहेत. अप्पण्णांचं नाव आज आपल्या शेजारचा कन्नड नाभिक समाज अभिमानानं लावतो. मुडबीपासून बसवकल्याण लांब नाही. धोकटीला मान देणारी भूमी आहे ही.

मग एवढं कसब गावात असताना माझ्या दवाखान्यात नडगीवर काप घेऊन मुली का येतात?

मुलाची पहिली दाढी आठवा. वडील, काका किंवा दुकानातले मामा त्याला आरशापुढे बसवतात. आधी पाणी, मग साबणाचा फेस, मग गाल कसा ताणायचा, वस्तरा किती आडवा धरायचा, कुठल्या दिशेनं न्यायचा, सगळं सांगतात. थोडी थट्टाही होते. आता मुलीचं पाहा. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचायचं असतं, पोशाख गुडघ्यापर्यंत असतो. ती भावाचं जुनं रेझर उचलते, न्हाणीघराची कडी लावते आणि बाहेरून कुणी हाक मारायच्या आत उरकून टाकते. फेस करायला वेळ नाही, उजेड कमी, पातं कितव्यांदा वापरलेलं ते त्या भावालाही आठवत नाही. लपून केलेलं काम कोरडं होतं, आणि कोरडा वस्तरा कापतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

ही लपवाछपवी कुठून आली, याचा शोध घ्यायचा तर आपल्या इतिहासात डोकवावं लागतं. आपल्याकडे बाई आणि वस्तरा यांची गाठ पडायची ती बहुतेक वेळा एकाच प्रसंगी, नवरा गेल्यावर. केशवपनाच्या त्या क्रूर रूढीमुळे बाईच्या अंगाला वस्तरा लागणं म्हणजे अभद्र, ही भावना काही जातींच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आणि तिथून इतरांकडे पसरली. या रूढीला विरोध करण्यात न्हावी समाज पुढे होता, हे आजच्या मुलांना माहीत नसतं. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’ पत्र चालवणारे, गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांचं पोट वस्तऱ्यावर, त्यांनीच वस्तरा खाली ठेवला. वपन गेलं, तरी भीती मात्र मागे राहिली. आजही आजी नातीच्या हातात रेझर पाहून ‘अगं बाई, हे काय अवलक्षण’ म्हणते ते त्या भीतीपोटीच. आजीला दोष देऊ नका.

आणि लाज फक्त आपल्याकडेच होती असंही नाही. किंग जिलेटनं अमेरिकेत सेफ्टी रेझर बाजारात आणलं ते १९०३ मध्ये. त्या वर्षी विकली गेली अवघी ५१ रेझर आणि १६८ पाती. १९१५ साली त्याच कंपनीनं खास बायकांसाठी ‘मिलेडी’ नावाचं रेझर काढलं. ते मुख्यतः काखेसाठी होतं, बिनबाह्यांचे पोशाख आले होते म्हणून. पुढे स्कर्ट आखूड झाले तसे पाय उघडे पडले, आणि दुसऱ्या महायुद्धात नायलॉनचे लांब मोजे मिळेनासे झाले तेव्हा पायांवरचे केस काढणं तिकडे सर्रास झालं. म्हणजे ज्याला आपल्या मुली ‘नॉर्मल’ म्हणतात, त्याला जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत. पायांवरचे केस ही घाण नव्हे, रोग नव्हे, काढले नाहीत तरी काही बिघडत नाही. ज्या मुलींना काढायचे नाहीत त्यांच्यावर मैत्रिणींनी दबाव आणू नये. ज्यांना काढायचे आहेत त्यांना मात्र नीट काढता यावेत.

आता कसब. इथे बसलेले दुकानदार मान डोलावतील, कारण यातलं काहीच नवीन नाही. त्वचारोगतज्ज्ञ आज जे सांगतात ते जुन्या कारागिराला त्याच्या बापानं शिकवलेलं असतं.

केस पाण्यानं फुगतो, मऊ होतो, आणि मऊ केस कापायला जोर कमी लागतो. म्हणून आंघोळीच्या शेवटी, कोमट पाणी दोन-तीन मिनिटं पायांवर पडल्यावर रेझर घ्यावं, आधी नाही. फार कढत पाणी नको, त्वचा लाल होते आणि कापलं तर रक्तही जास्त येतं. मग फेस. इथे आपल्या भागाची अडचण आहे. बोअरचं पाणी जड. शहाबाद-सेडमकडे तर जमिनीखाली चुनखडीच आहे. असल्या पाण्यात अंगाचा साबण फेसाळत नाही, त्याचा चिकट साका तेवढा पायावर बसतो आणि पातं त्यात अडकतं. पाणी उकळून गार केलं तर जडपणा थोडा कमी होतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी धरलेलं असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. ते नसेल तर दाढीचं साधं, बिनवासाचं क्रीम घ्या. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं असं त्यात काही नसतं. गुलाबी डब्याचे पैसे जास्त पडतात इतकंच.

पातं धारदार हवं. लोकांना उलटं वाटतं, की जुनं, बोथट पातं कमी कापतं. बोथट पातं केस कापत नाही, ओढतं. मग मुलगी दाबून फिरवते आणि दाबलं की त्वचा कापली जाते. पाच ते सात वेळा वापरलं की पातं बदलावं, त्याआधीच ओढायला लागलं तर त्याआधी. एकदा फिरवलं की पाण्यात खळबळून घ्यावं. वापर झाल्यावर न्हाणीघराच्या ओल्या कोनाड्यात ठेवू नये, झटकून कोरड्या जागी ठेवावं.

दिशा. पायांवरचे केस गुडघ्याकडून घोट्याकडे उतरतात. रेझर तसंच, वरून खाली न्यावं. जवळजवळ सगळ्या मुली खालून वर नेतात, कारण जाहिरातीत तसं दाखवतात. उलट्या दिशेनं केस त्वचेच्या अगदी बुडाशी कापला जातो, नितळ वाटतं खरं. पण तोच केस पुढे त्वचेखाली वळतो आणि आतल्या आत वाढतो. त्याची गाठ होते, ती खाजते, पिकते. पहिल्या खेपेला तरी केसांच्या दिशेनंच जा. वजन हातानं द्यायचं नाही, रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. एकाच जागेवरून चार-चारदा फिरवू नका.

सर्वाधिक काप नडगीवर, घोट्यावर आणि गुडघ्याच्या वाटीवर का होतात? तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांसाची गादीच नसते, वर पृष्ठभाग वळणाचा. मांडीवर जसा हात चालतो तसा तिथे चालवला की पात्याची कड रुतते. गुडघा किंचित वाकवला की वाटीवरची कातडी ताणली जाते, तेव्हा ती बाजू करावी. गुडघ्यामागची लवण पाय सरळ ठेवून. घोट्यापाशी पाऊल पुढे ताणून, छोट्या छोट्या फटक्यांत. आणि बसून करा. एका पायावर उभं राहून, दुसरा बादलीच्या काठावर टेकवून ओल्या फरशीवर ही कसरत करणाऱ्या मुलींची मला फार काळजी वाटते. त्यांची नडगी नव्हे, डोकं फुटेल.

एक गैरसमज इथेच निकालात काढते. वस्तरा लावला की केस राठ आणि दाट येतात, असं सगळ्यांना वाटतं. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली हे मोजून पाहिलं. केस जाडही झाले नाहीत, वेगानंही वाढले नाहीत. मुळापासून आलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं सपाट, म्हणून हाताला खुंट लागतात. जाडी ठरते मुळाशी, आणि पातं मुळापर्यंत पोचतच नाही.

कापलंच तर? उभ्या माणसाच्या पायात रक्ताचा दाब जास्त असतो, म्हणून नडगीवरचा एवढासा काप घाबरवून सोडतो. बसा, पाय उंच ठेवा, स्वच्छ सुती फडकं जखमेवर दाबून धरा आणि पाच मिनिटं उचलून बघू नका. हे ‘बघू नका’ सर्वांत अवघड जातं. रक्त थांबलं की साध्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, कपडा घासत असेल तर पट्टी लावा. ज्यांना हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांचं रक्त उशिरा थांबतं, त्यांनी जास्त वेळ दाबावं.

तुरटी चालते का, असं विचारलं जातं. चालते. ती रक्तातली प्रथिनं साकळवते, बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त थांबतं. झोंबते, ते तिचं कामच आहे. पण दुकानातला एकच खडा सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या कापलेल्या गालावर फिरतो, ते थांबायला हवं. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. आपण आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं पातं लावता, ते अगदी योग्य. त्याच न्यायानं तुरटीची पूड करून ठेवा आणि कापसाच्या बोळ्यानं लावा, बोळा टाकून द्या. घरातही तेच: तिघी बहिणी एकच रेझर वापरतात, ते प्रेम दुसऱ्या कशात दाखवा. आणि वापरलेली पाती उकिरड्यावर फेकू नका. झाडणाऱ्या बाईच्या हाताला आणि गुरांच्या तोंडाला ती लागतात. जुना पत्र्याचा डबा ठेवा, झाकणाला चीर पाडा.

जखमेवर काय लावलं जातं, याची यादी सांगायची तर कीर्तन उद्यावर जाईल. चुना, टूथपेस्ट, पाणी न घालता ओतलेलं डेटॉल. चुना फाटलेल्या त्वचेला भाजतो. डेटॉल पाण्यात पातळ करूनच वापरायचं असतं, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. धनुर्वाताचं म्हणाल तर शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस देतात. मुलींनो, ती सुई चुकवू नका. चुकली असेल तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या.

काप झाला नाही, पण पाय लाल होऊन जळजळतो, बारीक पुरळ उठतं, ही तक्रार कापापेक्षाही जास्त. थंड पाण्याची घडी ठेवा, कॅलॅमाइन लावा, आणि लाली पूर्ण जाईपर्यंत पुन्हा रेझर लावू नका. वासाचं काहीही नको. दोन दिवस घट्ट लेगिंग नको, सैल सलवार बरी. केसांच्या मुळाशी पिवळे पू भरलेले दाणे आले तर ते फोडू नका, कोमट पाण्याचा शेक द्या. आत वळलेला केस सुईनं उकरू नका. चार-सहा आठवडे केस वाढू दिले की बहुतेक आपोआप वर येतो. शेतात राबणाऱ्या बायकांसाठी एक जादा सूचना: तुरीवर फवारणी असेल त्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी केस काढू नका. खरवडलेल्या त्वचेतून औषध अंगात लवकर शिरतं.

आणि मेडिकलमधून ‘खाजेची क्रीम द्या’ म्हणून जी ट्यूब आणली जाते तिच्याविषयी मला फार राग आहे. तिच्यात बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक यांची खिचडी असते. चार दिवस आराम पडतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मुळात तो गजकर्ण असेल तर तो दबल्यासारखा दिसून भलताच पसरतो. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब हातोहात मिळते. रेझरचं पुरळ केसांच्या मुळांशी ठिपक्याठिपक्यांनी येतं. गजकर्ण गोल कडा धरून पसरतो, कडेला जास्त खाजतो. फरक कळला नाही तर दाखवा, ट्यूब नको.

आता ज्यांनी पायाला पातं लावूच नये त्यांच्याविषयी. पहिले मधुमेहाचे रुग्ण. मधुमेहात पायांची संवेदना बऱ्याचदा कमी झालेली असते. काप झालेला कळत नाही आणि भरत नाही. दुसरे म्हणजे हत्तीपायाचे रुग्ण. बिदर, कलबुर्गी, यादगीर हे आपले जिल्हे हत्तीपायाच्या पट्ट्यात येतात, हे आपण सगळे जाणतो. सुजलेल्या पायातला रस नीट वाहत नाही. त्यामुळे जंतूंना एखादी चीर मिळाली की पाय तापतो, हुडहुडी भरून ताप येतो, आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज आणखी वाढते. अशा पायाची रोज साबण-पाण्यानं धुऊन, बोटांच्या बेचकीत कोरडं करून काळजी घ्यायची असते. तिथे वस्तऱ्याचं काम नाही. निरोगी माणसाच्याही पायावर कापाभोवती लाली पसरत चालली, जागा गरम लागली, ताप आला, तर हळद लावून वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता एक मुद्दा खास कारागिरांसाठी, कारण यात तुमचा हात प्रत्यक्ष असतो. पायाचं ऑपरेशन ठरलं की आदल्या रात्री वॉर्डात किंवा घरी न्हाव्याला बोलावून मांडीपासून घोट्यापर्यंत पाय तुळतुळीत करायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. कलबुर्गी, सोलापूर, उमरगा, कुठल्याही गावाचा रुग्ण सांगेल. हेतू स्वच्छतेचा. पण वस्तऱ्यानं डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे होतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत वस्तऱ्यानं केस काढलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांना जखमेत संसर्ग झाला. केस काढायच्या क्रीमनं काढलेल्या किंवा मुळीच न काढलेल्यांत ०.६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगून टाकलं, की केस शक्यतो काढूच नयेत, काढावेच लागले तर मशीननं कापावेत, वस्तरा नको. तेव्हा कुणी बोलावलं तर धोकटीतून मशीन काढा, वस्तरा तिथेच राहू द्या. कुणी हट्ट धरला तर माझं नाव सांगा.

मेण आणि केस काढायची क्रीम यांवर मी मुद्दाम फार बोलत नाही. क्रीम वापरण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढी लावून एक दिवस पाहावं. वेळ बाटलीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर भाजतं. पार्लरमध्ये एकीच्या पायावरचं मेण पुन्हा भांड्यात पडताना दिसलं तर उठून यावं.

मघाशी जेवताना शाळेच्या बाईंशी बोलणं झालं आहे. आठवी ते दहावीच्या मुलींसाठी एक दुपार ठेवायला त्या तयार आहेत. मी येईन, पण मला हातात रेझर धरून दाखवणारी बाई हवी. इथल्या कितीतरी घरांत सुना आता पार्लर चालवतात, त्यांचा हात माझ्यापेक्षा सराईत आहे. त्यांच्यापैकी दोघींची नावं कीर्तन संपायच्या आत मला द्या. आणि उकळून गार केलेल्या पाण्याची एक बादली लागेल, तेवढी कुणीतरी पत्करा.